एका घोटानं काय होतं

हे लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. मी डॉक्टर नाही, लेखक तर नाहीच. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही, आणि सही सोडून कागदावर आणखी काही लिहिण्याची वेळ कुणावर आलेली नाही. शिवाय ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ते सगळे वयानं मोठे, नात्यातले किंवा नात्यासारखे आहेत. मोठ्यांविषयी वाईट बोलू नये असं मला शिकवलेलं आहे. पण त्यांच्याविषयी चांगलं लिहायला बसलो की माझं वाक्य अर्ध्यावर अडतं. वैद्यकातलं काही चुकलं तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं. बाकीच्या मजकुराबद्दल मात्र मला माफी मिळेल असं वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर ती नसली तरी चालेल.

आम्ही धुळ्याकडचे. वडील सिल्वासाजवळच्या सायलीत सुताच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला होते. कारखान्याच्या मागे भातखाचरांच्या कडेला ठेकेदाराचीच चाळ होती, तिच्यात माय, वडील आणि मी अशी आमची एक खोली. मी रोज बसनं वापीला कॉलेजला जायचो, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. त्या वर्षी पावसाळ्यात चाळीच्या बोअरिंगच्या पाण्याला वास येऊ लागला आणि खोल्याखोल्यांत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. वडिलांनाही झाल्या. तशाच अंगानं ते शिफ्टला गेले, कारण ठेकेदार म्हणाला, "शिफ्ट पुरी कर, मग निवांत झोप." शिफ्ट पुरी व्हायच्या आत ते मशीनच्या शेजारीच कोसळले.

त्यांना फाट्यावरच्या डॉक्टरकडे नेलं. या डॉक्टरची डिग्री कोणती, हे त्याच्या पाटीवरून कळत नसे. पाटीवर इतर गोष्टी बऱ्याच होत्या. त्याच्या दवाखान्यात भिंतीला खिळे ठोकलेले होते, आणि प्रत्येक खिळ्याला सलाईनची बाटली. खाली बाकावर एकेक कामगार हात पसरून पडलेला. यातले निम्मे आजारी नसायचे. सुट्टीच्या दिवशी कुणी सिनेमाला जातं, तसे हे बाटली चढवायला यायचे. "कमजोरी आली होती, एक बाटली मारून आलो," असं चाळीत अभिमानानं सांगायचे. बाटलीत व्हिटॅमिनचं इंजेक्शन सोडलं की पाणी पिवळं होतं. पांढरीपेक्षा पिवळी बाटली भारी, असा आमच्याकडे समज होता आणि डॉक्टरनं तो कधी मोडला नाही.

तसं पाहिलं तर त्या दिवशी वडिलांना बाटलीची गरज खरोखरच होती. अंगातलं पाणी सगळं निघून गेलं होतं. पण डॉक्टर एकामागून एक बाटल्या लावत गेला आणि त्यानं एकदाही विचारलं नाही, की या माणसाला लघवी होते आहे का. होत नव्हती. पाणी तुटल्यामुळे मूत्रपिंडं आधीच बंद पडली होती, हे आम्हाला पुढे कळलं. पाणी आत जात होतं आणि आतच राहत होतं. दुसऱ्या दिवशी वडिलांचा चेहरा फुगला, डोळ्यांखाली सूज आली. ती पाहून माझ्या मामी काय म्हणाल्या ते मी आयुष्यात विसरणार नाही. म्हणाल्या, "बघा, तोंडावर तेज आलं. अंग धरलं दाजींनी." बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणीतरी आणखी एक पिवळी लावायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी त्यांना आडवं पडता येईना. पडले की गुदमरायचे. तेव्हा कुठे त्यांना सिल्वासात टोकरखाड्यातल्या एका नर्सिंग होममध्ये हलवलं.

तिथे काचेच्या दारामागे एक खोली होती आणि दारावर 'आयसीयू' असं लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. आत दोन खाटा, एक मॉनिटर, ऑक्सिजनची नळकांडी आणि गारेगार एसी. दाराबाहेर चपला काढाव्या लागत. ही चपलांची अट आमच्या लोकांना फार मोहात पाडणारी ठरली. चपला काढायच्या म्हणजे आत काहीतरी पवित्र असणार, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्याविषयी पुढे सांगतो.

इथला डॉक्टर तरुण, गुजराती, चिडका होता. त्यानं वडिलांच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढल्यावरही तिथे खळगा राहिला. त्यानं छातीला नळी लावून ऐकलं आणि मला बाजूला घेतलं. मला म्हणजे, 'शिकलेला कोण आहे' असं विचारून.

"देखो, किडनी बंद छे, छाती में पाणी छे," तो म्हणाला. "आता पाणी मोजून. काल जितनी पेशाब हुई, उतना. वर थोडं, घाम आणि श्वासाचं. औषधाचं पाणी भी उसी में. उससे ज्यादा एक चमचा गया तो वो चमचा फेफसां में जायेगा. समझा?"

मला समजलं. फेफसां म्हणजे फुफ्फुसं. कॉलेजात माझं आवडतं काम प्रयोगशाळेतलंच होतं. मोजपात्रातल्या पाण्याची खालची कड डोळ्यांच्या रेषेत धरायची, हे मी नुकतंच शिकलो होतो. खाटेला लघवीची पिशवी लटकवलेली होती, तिच्यावर आकड्यांच्या रेघा होत्या. पिशवीच्या तळाशी चहाच्या रंगाचं थोडंसं पाणी होतं, बस. सिस्टरनं एका स्टीलच्या ग्लासावर चिकटपट्टी लावून खूण केली आणि तो माझ्या हातात दिला. दिवसभराचं पाणी एवढंच. दोन सिस्टर सगळं नर्सिंग होम बघायच्या, त्यामुळे पाणी पाजण्याचं काम माझं. तहान फारच लागली तर कापूस भिजवून ओठांवरून फिरवायचा.

तहान फारच लागायची. अंग पाण्यानं तट्ट फुगलेलं आणि जीभ कोरडी, हे कसं होतं ते मी पुस्तकात नंतर वाचलं. तेव्हा फक्त पाहिलं. वडील डोळे उघडले की पहिलं ग्लासाकडे बघायचे.

"माले घोटभर दे रे, भाऊ."

"आबा, आत्ताच दिलं. आता दुपारी."

"नळ बंद शे का?"

"नळ चालू आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

मग ते माझ्याकडे असे बघायचे, की मी कापूस भिजवण्याच्या निमित्तानं पाठ फिरवायचो. ज्या माणसानं मला कॉलेजात घालण्यासाठी ओव्हरटाइम केला, त्याला मी पाणी नाकारत होतो. मी ते कसं केलं हे सांगण्यासारखं नाही. एवढंच सांगतो, की खुणेच्या वर एक थेंब दिला नाही.

पण छाती सुधारेना. डॉक्टर रोज नळी लावायचा, नडगी दाबायचा, पिशवी बघायचा आणि चिडायचा. जेवढं पाणी देतो आहोत त्या मानानं सूज उतरायला हवी होती, ती उलट चढत होती. तो सिस्टरवर ओरडला. सिस्टर रडवेली होऊन माझ्याकडे बघू लागली. मी ग्लास दाखवला. त्यात दुपारचं पाणी तसंच शिल्लक होतं.

आता चपलांविषयी. भेटायची वेळ संध्याकाळची होती, एका वेळी एकानं आत जायचं. चाळीतली माणसं, कारखान्यातली माणसं, गावाकडून इथे आलेली माणसं, सगळी रांगेत चपला काढून उभी राहायची. मामा या सगळ्यांच्या पुढे. मामा सिल्वासात सरकारी कचेरीत कारकून होते, आमच्या सगळ्या नात्यात पर्मनंट असलेले एकटेच. त्यामुळे रांगेच्या तोंडाशी उभं राहून, आता कोण जाणार हे तेच ठरवायचे. माणसं आत जायची, वडिलांच्या पायांना हात लावायची आणि बाहेर यायची. मी त्या वेळात औषधं आणायला मेडिकलमध्ये जायचो, कारण माझ्या डोळ्यांना ती गर्दी सोसत नसे. देवळात लोक तीर्थ घ्यायला जातात. हे लोक तीर्थ द्यायला येत होते, हे मला ठाऊक नव्हतं.

एक दिवस मेडिकलमध्ये औषध नव्हतं, म्हणून मी लगेच परतलो. काचेतून पाहिलं तर मामी वडिलांची मान उचलून धरून त्यांच्या तोंडाला तांब्या लावत होत्या. वडील डोळे मिटून पीत होते. लहान मूल पितं तसे.

मी आत गेलो. तांब्या पदराखाली गेला.

"काय देत होतात?"

"काही नाही रे. तोंड ओलं केलं नुसतं."

वडिलांनी डोळे उघडले. मला पाहून मामींना म्हणाले, "मन्हा पोऱ्या पानी देत नही." तक्रार केली त्यांनी माझी.

मामींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत दया होती, वडिलांविषयी. आणि दुसरंही काही होतं, ते माझ्याविषयी.

बाहेर येऊन मी रांगेतल्या एकेकाला विचारलं. कुणी लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. आजाऱ्याला बघायला जायचं आणि त्याच्या तोंडात घोटभर पाणी न घालता परत यायचं, हे आमच्याकडे कुणी करत नाही. न जाणो, उद्या माणूस गेला तर! तहानलेला गेला, आणि आपण उभे राहून पाहिलं, हे डोक्यावर नको. त्यांना वडिलांच्या जगण्याची काळजी नव्हती असं मी म्हणत नाही. पण आपल्या अंगाला पाप लागू नये याची काळजी थोडी जास्त होती.

"मी तर चमचाभरच दिलं," एक जण म्हणाला.

"माझं तीर्थ होतं. देवीचं. ते पाण्यात धरत नाहीत."

ठेकेदारही आला होता. तोही आमच्याकडचाच, पण आता शेठ झालेला. तो रोज नारळ घेऊन यायचा, आणि तो हातात सगळ्यांना दिसेल असा धरायचा. त्याच्या चाळीच्या पाण्यानं माणूस आजारी पडला, त्याच्या शिफ्टनं तो कोसळला, आणि आता तो नारळ घेऊन उभा होता.

"शेठ, नारळपाणी पण देता?"

"अरे भाऊ, नारळपाणी पाणी थोडंच असतं? वो तो दवा है. बाटली से भी भारी."

मी सांगायचा प्रयत्न केला. किडनी बंद असताना नारळपाण्यातलं पोटॅशियम बाहेर जात नाही, त्यानं हृदय थांबू शकतं, डॉक्टरांनी स्पष्ट नको म्हटलंय.

ठेकेदार रांगेकडे वळून हसला. "नारळानं माणूस मरतो! हे आज ऐकलं, भो. कॉलेजात फी भरून हे शिकवतात."

रांगही हसली. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भाचेबुवा, लघवी मोजायला बापानं तुला कॉलेजात घातला का? तू मोज तुझी पिशवी. माणसाच्या तहानेत पडू नको. एका घोटानं काय होतं?"

मला काय सुचलं ते सांगतो. मी आतून तो खुणेचा ग्लास रिकामा करून आणला आणि मामांच्या पुढे धरला. म्हणालो, "मामा, तुम्ही रोज जेवढा देता तेवढा घोट यात ओता." मामींचा तांब्या पदराखालून बाहेर आला. मामांना गंमत वाटली असावी. त्यांनी ओतला. मग मामींनी. मग रांगेतल्या एकेकानं, खिदळत, शाळेतल्या खेळासारखं. शपथेवर सांगतो, कुणीही जास्त ओतलं नाही. प्रत्येकानं अगदी प्रामाणिक, छोटासा घोट ओतला. रांग अर्धीही झाली नव्हती, तेव्हा पाणी खुणेच्या वर गेलं. मग ग्लास भरला. मग माझ्या मनगटावरून पाणी खाली फरशीवर, त्यांच्या काढून ठेवलेल्या चपलांवर पडू लागलं.

हसणं थांबलं. मला वाटलं, समजलं.

मामांनी ग्लासाकडे नीट पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "पण माझा घोट तर तळाशी होता. मी ओतला तेव्हा ग्लास रिकामाच होता."

"आणि आमच्या वेळेला भरलेलाच होता," मागून कुणीतरी म्हणालं. "आमच्यानं काय फरक पडला?"

मला त्यांचा राग आला नाही. राग बरोबरीच्या माणसाचा येतो. मी त्या ओल्या चपलांमधे उभा राहून त्या सगळ्यांकडे पाहिलं, आणि मला वाटलं, यांना पुन्हा आयुष्यात कधी काही समजावून सांगायचं नाही. अजूनही सांगत नाही. लग्नकार्यात भेटतात, मी पाया पडतो. एवढंच.

माय इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. आता म्हणाली, "मीबी दिन्हं." मी पण दिलं. पदराचं टोक भिजवून ती रोज त्यांच्या तोंडात पिळत होती. तिच्याबद्दल मला काय वाटलं, ते या लिखाणात बसत नाही. ती उठली, चपलांचा ढीग पायानं बाजूला सारला आणि काचेच्या दाराला पाठ लावून खाली बसली.

"आता कोणी जायचं नाही," ती म्हणाली.

"अगं, पण पाप..." मामींनी सुरुवात केली.

"लागू दे. माले लागू दे."

मामा म्हणाले, "तुझं डोकं या पोरानं फिरवलंय." ठेकेदारानं नारळ तिथल्याच बाकावर ठेवला आणि, आपण किती मोठ्या मनाचे आहोत हे सगळ्यांना कळेल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "ठीक आहे, घरचा मामला आहे." रांग पांगली. जाताना जो तो माझ्याकडे बघून जात होता. बापाला तहानेनं मारणारा मुलगा हा असा दिसतो, हे त्यांना घरी जाऊन सांगायचं होतं.

डॉक्टरला मी सगळं सांगितलं. तो गुजरातीत जे बोलला ते मी लिहीत नाही. मग त्यानं लघवीचं मोठं इंजेक्शन दिलं आणि म्हणाला, आता खरोखर मोजून पाणी द्या. उद्यापर्यंत पिशवी भरायला लागली तर ठीक. नाही लागली तर सुरतला न्यावं लागेल, डायलिसिसच्या मशीनवर. इथे मशीन नाही. तिथे नंबर लागणं कठीण, म्हणून कुणीतरी पुढे जाऊन नंबर लावा.

ठेकेदारानं आपली व्हॅन देतो असं जाहीर केलं. मी सकाळी पहिल्या बसनं वापी आणि तिथून गाडीनं सुरत गाठली. निघताना पिशवी पाहिली. तळाशी तेवढंच होतं. वडील झोपेत श्वासासाठी खांदे उचलत होते. त्यांनी पाणी मागितलं नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली.

सुरतेच्या मोठ्या हॉस्पिटलात खिडकीवरच्या माणसानं माझ्याकडे न बघताच विचारलं, "पेशंट क्यां छे?"

"येतोय मागून."

"पेशंट आवे पछी आवजो."

पेशंट आल्यावरच या, असं. मी बाजूला झालो, पुन्हा रांगेत उभा राहिलो, पुन्हा तेच ऐकलं. व्हॅन दुपारपर्यंत यायला हवी होती. ती आली नाही. मी हॉस्पिटलच्या फाटकाशी जायचो आणि परत यायचो. व्हॅन न येण्याची कारणं दोनच असू शकत होती, एक चांगलं आणि एक वाईट. आमच्या माणसांचा अनुभव पाहता मी तिसरंही धरलं होतं: ठेकेदारानं व्हॅन दुसऱ्याच कामाला लावली असेल.

शेवटी फाटकासमोरच्या एसटीडी बूथमधून मी नर्सिंग होमशेजारच्या मेडिकलमध्ये फोन लावला. दुकानदार म्हणाला, थांब, बोलावतो. बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली. मग कुणीतरी रिसीव्हर उचलला. ठेकेदार होता.

"हॅलो! हां भाऊ, मी बोलून राहिलो. सकाळपासून इथंच उभा आहे. गाडीत पेट्रोल फुल करून ठेवलं, ड्रायव्हरला जेवायला पण सोडला नाही..."

"शेठ, आबा कसे आहेत?"

"ऐक तर खरं. मी डॉक्टरला सरळ बोललो, साहेब, आपला माणूस आहे, काही कमी पडायला नको. मामा पण इथंच आहेत. त्यांनी साहेबाकडून अर्धी रजा काढली..."

"शेठ, आबा आहेत ना?"

"अरे, शिकलेला माणूस तू, असा घाबरतो काय! माणसानं हिंमत ठेवावी. मी चाळीत सगळ्यांना सांगितलं, की वरचा बघतो आहे..."

मागे माय काहीतरी बोलत होती. ठेकेदार तिला म्हणाला, "थांब वहिनी, मी सांगतो ना त्याला नीट." मग रिसीव्हर कशावर तरी आपटल्याचा आवाज आला, आणि एकदम तिचा श्वास माझ्या कानात. माय त्याआधी कधी फोनवर बोलली नव्हती. सुरत लांब आहे म्हणून ती पूर्ण ताकदीनं ओरडली. भर बाजारात, मेडिकलच्या गिऱ्हाइकांमधे उभी राहून, कसलीही लाज न धरता:

"पिशवी भरनी रे, भो! सिस्टरनी एक डाव बदलली, ती बी भरनी! डॉक्टर म्हनतस, आते पानी पाजा!"